कातडीआडचा उजेड

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात एक चित्र असे आहे की, त्याचा कर्ता कोण म्हणून आपल्या सीमाभागात विचारले तर बहुतेक घरांतून चुकीचे उत्तर मिळते. अंधाऱ्या दालनात लावलेले हे चित्र बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असते. साडी नेसलेली एक तरुणी एका हातात दिवा धरून उभी आहे आणि दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करते आहे. आजवर कितीतरी वेळा मी विद्यार्थ्यांना घेऊन त्या चित्रासमोर उभा राहिलो आहे, आणि दर वेळी शेजारी कोणीतरी आपल्या मुलाला सांगत असतो, "हे राजा रविवर्म्याचे बरे का!" कन्नडमधून सांगणारे असतात, तसे मराठीतून सांगणारेही असतात.

ते चित्र रविवर्म्याचे नाही. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ते प्रसिद्ध आहे आणि १९४५-४६ च्या सुमाराचे आहे, म्हणजे रविवर्मा जाऊन तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. हळदणकर सावंतवाडीचे. जन्म १८८२ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकला संस्था काढली आणि पुढे १९६८ साली त्यांचे निधन झाले. चित्रातील तरुणी म्हणजे त्यांची कन्या गीता. दिवाळीच्या दिवसांत मुलीला हातात दिवा घेतलेली पाहून त्यांना हे चित्र सुचले, असे सांगतात. या गीताबाई उपळेकर पुढे कोल्हापूरला राहत असत आणि २०१८ साली वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी त्या वारल्या. आमच्या हुबळीपासून कोल्हापूर ते किती लांब? त्या हयात असताना इकडच्या किती जणांना त्यांची माहिती होती, हा प्रश्न मी आता विचारीत नाही.

कर्त्याचे नाव चुकणे ही एक गोष्ट झाली. त्याहून मोठी चूक म्हणजे बहुतेक लोक हे तैलचित्र समजतात. ते जलरंगातले आहे. जलरंगात चुकले तर वरून दुसरा रंग चढवून झाकता येत नाही. पांढरा रंग म्हणजे कोरा राखलेला कागद. ज्योतीचा गाभा कुठे यायचा हे आधी ठरवून तेवढी जागा शेवटपर्यंत सांभाळायची आणि तिच्याभोवती काळोख, साडी, चेहरा, बोटे सगळे उभे करायचे. हळदणकरांनी मुद्दाम हे माध्यम घेतले, ते जलरंगातही असे काम निर्दोष होऊ शकते हे दाखविण्यासाठी, असे म्हणतात. परंतु मला वाटते, त्या चित्रासाठी जलरंगाइतके योग्य माध्यम दुसरे नव्हतेच. त्याचे कारण त्या तरुणीच्या बोटांत आहे.

लहानपणी आपण सर्वांनी बॅटरीच्या तोंडावर तळहात ठेवून बोटे लाल झालेली पाहिली आहेत. उजेड कातडीवर आपटून परत येतो एवढेच खरे असते, तर बोटे नुसती काळी दिसली असती. पण काही उजेड कातडीच्या आत शिरतो, तिथे इकडून तिकडे भरकटतो आणि शिरला त्या जागेपासून थोडा बाजूला बाहेर पडतो. त्यातला लाल अंश सर्वांत लांब जातो, म्हणून गालावर सावली जिथे सुरू होते तिथे एक मऊ, तांबूस कड असते. जिवंत माणूस आणि मातीचा पुतळा यांत डोळ्याला जो फरक कळतो त्याचा मोठा भाग या तांबूस कडेत आहे. जलरंगातही हेच घडते. पातळ रंगातून उजेड आत जातो, खालच्या कागदावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. हळदणकरांच्या चित्रातील ज्योतीआडची बोटे उजळलेली दिसतात, कारण कातडी आणि कागद तिथे एकच काम करीत आहेत.

हे सर्व मला चित्रकलेच्या पुस्तकातून कळले नाही. मी इतिहासाचा माणूस. मला हे कळले ते तारिहाळमधल्या एका जुन्या संगणकामुळे, आणि त्यासाठी आमच्या गावाविषयी दोन शब्द सांगावे लागतील.

तारिहाळ हे हुबळीजवळचे गाव. आमच्या गावाच्या नावाने औद्योगिक वसाहत आहे. तिथे लेथ चालतात, लोखंड कापले जाते, आणि आता यंत्राचा सुटा भाग करण्याआधी तो संगणकाच्या पडद्यावर काढून पाहतात. वसाहतीत कामाला असलेल्या एका गृहस्थांचा मुलगा, माझा माजी विद्यार्थी, असे भाग पाहतच मोठा झाला. पडद्यावरचा पोलादी भाग इतका हुबेहूब चमकतो की उचलून घ्यावासा वाटतो. मुलाच्या मनात आले, पोलाद जर इतके सोपे आहे, तर माणूस का नाही? दिवसा तो हुबळीत फ्लेक्सचे बोर्ड करून देतो. रात्री घरी बसून गेली तीन वर्षे तो एकच काम करीत आहे: आपल्या आजीचा चेहरा संगणकावर उभा करण्याचे. आजी वारली तेव्हा तिचे दोनच फोटो घरात होते, एक आधार कार्डावरचा आणि एक कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला.

पहिले पूर्ण झालेले चित्र त्याने वडिलांना दाखविले. वडील बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ही आमची आई नव्हे. तिच्यासारखी दुसरी कोण तरी बाई आहे." मुलगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. "सर, नाक तेच आहे, डोळे तेच आहेत, मोजून काढलंय. मग चुकतंय काय?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्याकडे तो दीडशे वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसाने सोडविला, तोही शिकवायला कोणी नसताना.

१८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार त्रावणकोरच्या दरबारी व्यक्तिचित्रे काढण्यासाठी आला. वीस वर्षांच्या रविवर्म्याला तैलरंग शिकायचे होते. दरबारचे चित्रकार रामस्वामी नायकर यांनी शिकविण्यास नकार दिला होता, आणि जेन्सननेही शिकविले नाही. फक्त काम करीत असताना पाहण्याची परवानगी दिली. रविवर्मा पाहूनच शिकला. त्याने काय पाहिले असेल? माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे हे की, तैलरंगात गाल एका रंगाने होत नाही. खाली एक थर, तो वाळू द्यायचा, त्यावर पातळ पारदर्शक दुसरा, मग तिसरा. उजेड त्या थरांतून आत जाऊन परत येतो आणि गाल गाल दिसू लागतो. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्याने चौदा पौराणिक चित्रे काढली आणि १८९४ साली मुंबईत छापखाना घातला. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून लक्ष्मी आणि सरस्वती आपल्या आजोळघरांच्या भिंतींवर आल्या. छापील चित्रांत मूळ तैलचित्रातला गाल राहिला नाही, हे मान्य करायला हवे. तरी आपल्या लोकांना हुबेहूबपणाची चटक लागली ती तिथूनच, आणि म्हणूनच बहुधा दिवा घेतलेली बाईही लोकांनी त्याच्याच नावावर टाकली.

बेळगाव आणि धारवाड हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबईला जोडलेले होते. त्यामुळे इकडच्या चित्रकाराचा रस्ता जे. जे. स्कूलकडे जात असे. राज्यपुनर्रचनेविषयी इथे मी लिहिणार नाही, त्यासाठी या अंकात दुसरे लेखक आहेत. पण चित्रकलेत ही सीमा फार उशिरा आली आणि कधी पुरती आलीच नाही. धारवाडला हालभावी मास्तरांचे चित्रकला विद्यालय होते, बेळगावला के. बी. कुलकर्णी होते. या कुलकर्ण्यांकडे सुरुवातीचे धडे घेतलेले बेळगावचे रवी परांजपे पुढे मुंबईत बोधचित्रकार म्हणून नावारूपाला आले, आफ्रिकेत नैरोबीला काम करून आले, आणि २०२२ साली पुण्यात वारले. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'ब्रश मायलेज' असे नाव दिले. गाडी किती मैल चालली तसा कुंचला किती मैल चालला! मी ते नाव त्या मुलाला सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "सर, माझा माऊस दोन वेळा बदलून झाला."

आता संगणकाकडे येतो. वसाहतीतले पोलाद इतके सोपे का, याचे उत्तर सरळ आहे. धातूत उजेड आत शिरत नाही, पृष्ठभागावरून परत फिरतो. संगणकाला प्रथम शिकविला गेला तो हाच हिशेब. १९७५ साली बुई तुओंग फोंग या व्हिएतनामी तरुण संशोधकाने अमेरिकेत गोलाईवरच्या चमकेचे एक सोपे गणित प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ऐन तारुण्यात तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याचे गणित जगभर वापरले गेले, पण त्याने काढलेली प्रत्येक वस्तू प्लास्टिकची दिसे. चेंडू छान यायचा, किटली छान यायची, माणूस मात्र दुकानातल्या कपडे घातलेल्या पुतळ्यासारखा.

२००१ साली 'फायनल फँटसी' नावाचा चित्रपट आला. त्यातली सगळी माणसे संगणकावर केलेली होती आणि ती खऱ्यासारखी दिसावीत असा आग्रह होता. नायिकेच्या डोक्यावर सुमारे साठ हजार केस होते आणि त्या केसांच्या हालचालीवर अफाट श्रम झाले होते. चित्रपट आपटला, आणि तो करणारी कंपनी बंद पडली. प्रेक्षकांना केसांची तक्रार नव्हती. चेहऱ्यात कोणी राहत नाही, असे त्यांना वाटले.

असे का वाटते, याची मीमांसा मासाहिरो मोरी या जपानी अभियंत्याने १९७० सालीच करून ठेवली होती. तो यंत्रमानवांविषयी लिहीत होता. त्याचे म्हणणे असे की, वस्तू माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला आवडू लागते. पण अगदी माणसाच्या जवळ पोचल्यावर, किंचित कमी पडताच, आवड एकदम कोसळते आणि किळस येते. या खड्ड्याला त्याने दरी म्हटले. आपल्या शेतातल्या बुजगावण्याला लहान मूल भीत नाही. किन्नाळच्या लाकडी बाहुल्यांचे डोळे मोठे, गाल तांबडेभडक, तरी त्या मायाळू वाटतात. मोरीनेही आपल्या देशातल्या बुनराकू बाहुल्यांना दरीच्या पलीकडे, सुरक्षित जागी बसविले आहे. आमच्या विद्यार्थ्याची 'दुसरी कोण तरी बाई' नेमकी दरीच्या तळाशी उभी होती.

या दरीत मोठे मोठे पडले. आपल्या मराठी माणसाचेच उदाहरण देतो. बंगळूरच्या मराठी घरात १९५० साली जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत! त्यांच्या कन्या सौंदर्या यांनी २०१४ साली 'कोच्चडैयान' हा चित्रपट काढला. त्यात अंगावर खुणा लावून नटाच्या हालचाली टिपायच्या आणि त्या संगणकातल्या देहाला द्यायच्या, अशी पद्धत वापरली होती. नट अस्सल, हालचाल अस्सल, आवाज अस्सल. आमच्याकडे हुबळीत रजनीकांतचे चाहते थोडे नाहीत, तेही हळहळले. ज्याच्या एका मान वळविण्यावर थिएटर डोक्यावर घेतले जाते त्याच्या चेहऱ्याची कातडी हलेना, डोळ्यांत पाणी दिसेना. चेष्टा करणाऱ्यांनी चेष्टा केली. मला मात्र त्या शेकडो अनाम मुलामुलींची आठवण होते, ज्यांनी महिनोन्महिने बसून ते डोळे केले असतील.

वाट निघाली होती ती आधीच, आणि ती निघाली हळदणकरांच्या बोटांमधून, असे मी थोड्या अतिशयोक्तीने म्हणेन. 'फायनल फँटसी' ज्या वर्षी आपटला त्याच २००१ साली हेन्रिक वान जेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने तिघा सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. उजेड पदार्थाच्या आत शिरून भरकटतो आणि दुसरीकडून बाहेर येतो, याचे संगणकाला परवडेल असे गणित त्यात होते. त्यासाठी त्यांनी कोणकोणते पदार्थ मोजले ते पाहा: मलई, साय काढलेले दूध, सायीचे दूध, बटाटा, सफरचंद, संगमरवर आणि माणसाची कातडी. स्वयंपाकघरच की! पुढच्याच वर्षी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या भागात गोलम नावाचे खंगलेले, केविलवाणे पात्र आले. अँडी सर्किस या नटाच्या अभिनयावर बेतलेल्या त्या पात्राच्या कातडीत हा उजेड होता, आणि लोकांना त्याची दया आली. जेन्सन आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांना ऑस्करवाल्या अकादमीने २००४ साली तांत्रिक पुरस्कार दिला. रविवर्म्याने ज्याच्या पाठीशी उभे राहून गालाचे थर पाहिले तोही जेन्सन, आणि संगणकाला गाल शिकविणाराही जेन्सन. दोघांचा काही संबंध नाही. पण इतिहासाच्या शिक्षकाला असे योगायोग सोडवत नाहीत.

आमचा मुलगा वापरतो तो ब्लेंडर नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो, आणि त्यात जेन्सनच्या विचाराची एक कळ आहे. ती किती फिरवायची हे मात्र कोणी सांगत नाही. कमी फिरविली तर आजी प्लास्टिकची होते, जास्त फिरविली तर मेणबत्तीची. आणि चूक लगेच कळत नाही. सगळे जुळवून संगणकाला चित्र 'रेंडर' करायला सांगायचे, म्हणजे पडद्यावरच्या एकेका ठिपक्यावर कुठून किती उजेड येईल याचा हिशेब करायला लावायचे. त्याच्या जुन्या संगणकाला एका चित्राला सात-आठ तास लागतात. रात्री लावून झोपायचे, सकाळी पाहायचे. मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा चार रात्री ओळीने वीज गेली. पाचव्या सकाळी चित्र पुरे झाले, आणि आजी मेणाची निघाली.

मी त्याला काय सांगणार? मला संगणकातले काही कळत नाही. आमच्या भागात चित्रकला शिक्षकाची जागा रिकामी असलेल्या शाळा मला ठाऊक आहेत, तिथे मुलांना विचारायलाही कोणी नाही. मी त्याला एवढेच म्हणालो की, पडदा बंद कर, रात्री घरातले दिवे घालव आणि तुझ्या आईच्या हातात निरांजन दे. त्याने दिले. आई वैतागली, पण उभी राहिली. त्याने तासभर नुसते पाहिले. रविवर्म्याला तरी यापेक्षा काय मिळाले होते?

त्या रात्री त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. आईच्या चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. संगणकावर काम सोपे व्हावे म्हणून अर्धा चेहरा घडवितात आणि उरलेला अर्धा आरशासारखा उलटा घेतात. आजीचाही तसाच घेतला होता. पण आजीच्या डाव्या बाजूच्या दाढा पडलेल्या, त्या बाजूचा गाल आत गेलेला. नथीच्या वजनाने नाकाचे भोक ओघळलेले, तेही एकाच बाजूला. वाती वळताना सुपारी उजव्या गालात ठेवायची सवय. यातले काहीच आधार कार्डात नव्हते. ते त्याला एका आत्याने सांगितले, एका शेजारणीने सांगितले, आणि बरेचसे त्याचे त्यालाच आठवले. हल्ली यंत्राला चार ओळी लिहून दिल्या की मिनिटात म्हातारीचा चेहरा काढून मिळतो, हे मला माहीत आहे. त्यानेही काढून पाहिला. सुंदर होता. त्या म्हातारीच्या दाढा कुठल्या पडल्या होत्या हे सांगणारी आत्या मात्र तिला नव्हती.

त्याने अर्धा चेहरा मोडला आणि दोन्ही बाजू स्वतंत्र केल्या. खालच्या पापणीच्या कडेला पाण्याची एक बारीक रेघ असते, ती घातली. गालावरच्या सावलीची कड किंचित तांबूस केली. कळ फिरविली, परत आणली, परत फिरविली. पाच महिने गेले. नवीन चित्र त्याने वडिलांना मुद्दाम दाखविले नाही, पडद्यावर नुसते उघडे ठेवले. वडील कामावरून आले, डबा ठेवला, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "चष्मा कुठं ठेवला हिनं?"

हे सांगताना त्या मुलाचा आवाज बदलला होता. वडील पुढे काय म्हणाले, हे मी विचारले नाही.

चित्र अजून पुरे झालेले नाही. सध्या काम कानाशी अडले आहे. उन्हाकडे पाठ करून माणूस उभा राहिला की कानाची पाळी तांबडी पेटते. आजी परड्यात नेहमी तशीच उभी असे, म्हणून त्याला ती तशीच हवी आहे. तरुण माणसाचा कान चालत नाही म्हणे, पाळी भरलेली असते. जरा उतार वयाचा कान हवा. गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर साडेचार वाजता त्याने मला पश्चिमेच्या व्हरांड्यात उभे केले. मी पंधरा मिनिटे उभा होतो. जाणारी-येणारी मुले पाहून हसत होती. त्याने बरेच फोटो घेतले, मग आभाळाकडे पाहून म्हणाला, "सर, ढग आला. उद्या परत उभे राहाल का?"